तिसऱ्या पायरीवरचं पाणी

धाकट्या डहाणूला आमच्या आळीखालच्या धक्क्याला आता पायऱ्या राहिलेल्या नाहीत. शिमग्याला माहेरी आले, रंगाचा दिवस उरकला, आणि आज सकाळी पोरीला कडेवर घेऊन खाडीवर उतरले तर पायऱ्यांच्या जागी सिमेंटचा सरळ उतार. बर्फाचा टेम्पो आता थेट होडीला लागतो. पाट्या डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बायकांचे गुडघे वाचले, हे मी सोडून सगळ्यांना पटलंय. मी मात्र तिसरी पायरी नेमकी कुठे होती ते शोधत राहिले. सापडली नाही. बरं झालं म्हणावं की रडावं ते कळेना. त्या पायरीवर माझं अर्धं बालपण गेलं, आणि त्याच पायरीवरून दीड महिन्यापूर्वी माझी पोर मी घालवता घालवता राहिले.

पायऱ्या सात होत्या, काळ्या दगडाच्या. खालच्या दोन बाराही महिने हिरव्या, पाय टेकला की घसरणाऱ्या. त्यांच्या वरची ती तिसरी. आम्हा पोरांची बसायची जागा चौथीवर, पाय तिसरीवर सोडून. माझ्या आईला आम्ही बय म्हणतो. बय आणि आळीतल्या बायका वर बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालायच्या, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीनं. हात त्या कामात आणि जीव खाडीच्या तोंडाशी. तिथे होड्या पाणी चढायची वाट बघत उभ्या असायच्या, कारण गाळ इतका की भरतीशिवाय आत येताच येत नसे. मग पाणी बघायचं काम आपसूक पोरांकडे यायचं. "बस तिथं. पायाला गार लागलं का सांग." बयचा हुकूम एवढाच. चार वर्षांच्या पोरीला कोणी काम सांगतं याचाच मला केवढा ताठा होता.

दिसायचं काय तिथून? म्हटलं तर काहीच नाही. चिखल. चिखलातली खेकड्यांची भोकं आणि त्यांतून येणारे बुडबुडे. उड्या मारणाऱ्या निवट्या, ते चिखलातले मासे. मग कधीतरी लांबून पाण्याची एक बारीक कड यायची, तिच्यावर फेस, विडीचं थोटूक, चिकूचं एखादं पान. ती कड पुढे यायची, थांबायची, जरा मागे जायची, पुन्हा दोन बोटं पुढे. समोर एक जुनी होडी चिखलात एका अंगावर कललेली असायची. पाणी तिच्या पोटाशी लागायचं, आणि मग केव्हातरी ती उठून सरळ उभी असायची. केव्हा उठली ते मला एकदाही दिसलं नाही. डोळे चिकटवून बसायचे मी, पापणी हलू द्यायची नाही, तरी ती माझ्या नकळतच उठायची. रागानं मी तिला नावं ठेवायचे.

वास मात्र सगळे अजून नाकात आहेत. अर्धवट सुकलेल्या बोंबलांचा, ओल्या दोरखंडाचा, इंजिनाच्या तेलाचा, आणि पाणी चढताना चिखलातून वर येणारा तो आंबूस वास, ज्याला बाहेरची माणसं घाण म्हणतात. त्यात माझं जेवण व्हायचं. बय मधेच खाली येऊन भाकरीचा तुकडा तोंडात कोंबायची आणि परत जायची. घास चावून होईपर्यंत पाणी एक बोट चढलेलं असायचं.

टीव्हीही होता बरं का. आळीत एकच, काळापांढरा, आमच्या चुलत्यांकडे. वारा सुटला की गच्चीवरची अँटेनाची काडी फिरायची आणि पडद्यावर मुंग्या. भातावरच्या किडीबद्दल एक गृहस्थ खुर्चीत बसून अर्धा तास बोलायचे, आणि आम्ही दर्यावरची पोरं, ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी भात लावला नव्हता, तोंड उघडं टाकून ऐकायचो. मधेच कार्यक्रम बंद पडला की व्यत्ययाबद्दल क्षमा मागणारी पाटी लागायची. आम्ही ती पाटीसुद्धा बघायचो. कोणी उठत नसे. आता आठवलं की हसू येतं, आणि लगेच हेही आठवतं की माझी पोर तीन सेकंदसुद्धा एका चित्रावर थांबत नव्हती.

तिचं नाव परी. तलासरीत हायवेजवळ आमची भाड्याची खोली आहे. नवरा, नितीन, सीमेपलीकडच्या, गुजरातमधल्या कारखान्यात कामाला जातो, कधी सकाळी कधी रात्री. ट्रकांचे हॉर्न, ब्रेकचे आवाज, खिडकीच्या गजांवर काळी धूळ. त्या खोलीत फोन परीच्या हातात कसा आणि केव्हा गेला ते मला विचारू नका, त्याला कारणं पुष्कळ आहेत आणि सगळी लंगडी आहेत. एवढं खरं की अडीच वर्षांची होईस्तोवर ती फोनशिवाय घास गिळत नव्हती. पडद्यावर रंगांची मारामारी चालायची, डोळे वटारलेली बाहुली, फुटणारे फुगे, उड्या मारणाऱ्या गाड्या, आणि त्यावर कानठळ्या बसवणारं गाणं. परीचं बोट सारखं पुढचं चित्र ओढायचं. आणि परी बोलत नव्हती. "आई" नाही, "नको" नाही, काही नाही. हाक मारली तर वळूनही बघत नव्हती.

यातली खरी शरमेची गोष्ट पुढेच आहे. मी अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याला पाड्यावरच्या आयांना गोळा करून मी सांगायचे, लहान मुलांना मोबाईल देऊ नका गं, त्यांच्याशी बोला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ते हेच. एकदा एका आईनं पदर तोंडाला लावून विचारलं, "बाई, आमच्या पाड्यावर रेंजच नाय. मोबाईल काय दाखवू पोराला, डब्बा?" सगळ्या हसल्या. मीही हसले. तिचा मुलगा शेजारी बसून मुंगळ्यांशी बोलत होता, आणि माझी परी कोपऱ्यात माझा फोन घेऊन बसली होती.

डिसेंबरच्या शेवटी तिला वापीला नेलं. डॉक्टरबाई गुजराती, मराठी आमच्यासाठी जमवून बोलणाऱ्या. त्यांनी परीच्या मागून टाळी वाजवली, ती वळली. मग तिचं नाव घेतलं, ती वळली नाही.

"कान तर चांगले दिसते," त्या म्हणाल्या. "बेन, मोबाईल एकदम बंद कराल तर घर डोक्यावर घेईल, तुम्ही चार दिवसात परत द्याल. एटले, म्हणून बदल करा. धीमं बघायला द्या. धीमं. चित्र हलायला टाईम घेईल असं. वीस मिनिट, बस. आणि तुम्ही बाजूला बसायचं, बोलायचं. एकटीला नाही द्यायचं."

"आणि नाहीच बोलली तर?"

त्यांनी कागदावर तारीख लिहिली. "मार्चच्या शेवटी या. तोपर्यंत तुमच्याकडे बघून एक शब्द आला तर मला घणा आनंद. नाही आला तर मग बधी, सगळी तपासणी करू."

बसमध्ये नितीन एवढंच म्हणाला, "होईल गं." मी त्याच्यावर खेकसले. कोणावर तरी खेकसायला हवं होतं.

मग मी धीमं शोधायला लागले. तुम्हाला वाटेल सोपं आहे. लहान मुलांसाठी म्हणून जे जे फोनवर मिळतं ते सगळं घाईत असतं, जणू मागे कुत्रं लागलंय. मी एक रीत काढली. एक श्वास आत घ्यायचा, सावकाश सोडायचा, आणि तेवढ्यात चित्र किती वेळा बदललं ते मोजायचं. परीच्या लाडक्या बाहुलीचं चित्र एका श्वासात नऊ वेळा बदलत होतं. नऊ! दोनच्या वर गेलं की बाद, असं मी ठरवलं. उरलं फार थोडं. एक कुंभार चाकावर मडकं ओढत होता. एक गोगलगाय पानावरून चालत होती. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारी शेतं. पहिले तीन दिवस परीनं भिंतीवर डोकं आपटलं, फोन फेकला, माझ्या दंडाला चावली. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, काय मारते काय पोरीला? चौथ्या दिवशी परी कुंभारासमोर पाच मिनिटं बसली. नितीन तिच्या आधी झोपला.

"हे बघून मला झोप येते गं."

"तुझ्यासाठी नाहीये ते," मी म्हटलं.

आणि त्याच आठवड्यात माझ्या डोक्यात ती अक्कल आली. दुसऱ्यांचे कुंभार आणि गोगलगायी कशाला? ज्या खाडीकडे बघून मी घास गिळले, तीच पोरीला दाखवू. भरती चढतानाचं चित्र काढायचं, न तोडता, न हलवता, होडी उठेपर्यंत. मनातल्या मनात आणखी एक हाव होती ती आज कबूल करते. मला होडी उठताना बघायची होती. फोनमध्ये असली की मागेपुढे करून तो क्षण पकडता येणार होता.

संक्रांतीनंतर चार दिवसांची रजा घेऊन आले. दुसऱ्या दिवशी अवस होती, म्हणजे उधाणाचं पाणी. खाडीच्या पोरीला हे कोणी सांगायला लागत नाही. उधाणाला पाणी घाईत असतं आणि पाचवी पायरी गाठतं, हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. दहाच्या सुमारास मी परीला चौथ्या पायरीवर बसवलं, पाय तिसरीवर. पायात नव्या गुलाबी चपला, वर्षभर पुराव्यात म्हणून एक नंबर मोठ्या घेतलेल्या. आणि माझ्या तोंडून, विचार न करता, बयचेच शब्द गेले. "बस इथं. पायाला गार लागलं की सांग हं. पाणी आलं, असं सांग."

जिला एक शब्द येत नव्हता तिला मी सांगायचं काम देऊन बसले. वाटलं, बसेल थोडी, पाणी बघेल, मी हाताच्या अंतरावर आहेच. मी सहाव्या पायरीवर एका बाजूला, कोपरं गुडघ्यांवर रोवून, फोन दोन्ही हातांत धरून. श्वाससुद्धा बेतानं घेत होते, चित्र हलू नये म्हणून.

चित्र फार सुंदर येत होतं. ते खोटं नाही सांगत. चिखल चमकत होता, पलीकडच्या काठावर दोन बगळे, मधे कललेली होडी. पाण्याची कड आली, थांबली, पुढे सरकली. मी श्वास मोजले. पाच श्वासांत चित्र एकदाही बदललं नाही. वापीच्या डॉक्टरबाईंना दाखवीन असं मनात आलं. वर मांडवाकडून बायकांचे आवाज, कुठे तरी इंजिनाची टकटक, वाऱ्याची फडफड. बाकी आवाज मला ऐकू येत नव्हते, किंवा येत होते आणि मी घेत नव्हते. पाणी होडीच्या पोटाशी लागलं. आता उठेल. मी फोन आणखी घट्ट धरला. आता.

तेव्हा चित्राच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी गुलाबी आलं. मला पहिल्यांदा आला तो राग. एवढं चांगलं चाललेलं असताना कोणाचा कचरा मधे आला, असा. गुलाबी तुकडा गोल फिरला, होडीकडे जायला लागला, आणि त्याला पट्टा होता.

मी फोनवरून मान वर केली. चौथ्या पायरीवर परी नव्हती.

ती खाली होती. दुसऱ्या, हिरव्या पायरीवर, कमरेपेक्षा वर पाण्यात, माझ्याकडे पाठ करून. हात दोन्ही बाजूंना थोडे वर धरलेले, बाहुली उभी करावी तशी. फ्रॉक पाण्यावर पसरला होता. चपलेकडे बघत होती. रडत नव्हती, ओरडत नव्हती. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर पहिली पायरी, आणि पहिलीच्या पुढे काही नाही, गाळ.

"परी," मी म्हटलं. ती वळली नाही. ती कधीच वळत नव्हती. आणि मला तर ओरडताही येईना, दचकली असती तर त्या शेवाळावरून गेलीच असती. मी खाली बसले आणि बसूनच घसरत निघाले, एकेक पायरी, दगडानं साडी फाटतेय ते कळत होतं. पाणी मांड्यांना लागलं, बर्फासारखं. तिच्या डोक्यावरचे दोन रबर बॅंड मला दिसत होते, एक लाल, एक पिवळा. उधाणाचं पाणी तिला हळूहळू वळवत होतं. मी हात लांब केला, पोचला नाही. अजून एक पायरी. फ्रॉकचा कोपरा बोटांत आला, मग दंड, आणि मग ती अख्खी माझ्या छातीशी, थंडगार, आणि तेव्हा कुठे ती रडली. मी तिच्याहून मोठ्यानं रडले.

बय वरून धावत आली, हातात अजून बोंबलांची जोडी. तिनं पहिल्यांदा नातीला चाचपलं, मग माझ्याकडे बघितलं. "पानी बघायला पोर बसवलंस, आनि पोरीला बघायला कोन गो होतं?"

मी परीच्या फ्रॉकचं पाणी पिळायला लागले.

"तिनं सांगितला नाय तुला, पानी आला म्हनून?"

"ती बोलते का बय सांगायला?" मी तिच्यावरच ओरडले. "बोलते का ती?"

बयनं बोंबलांची जोडी खाली टाकली. मग परीला पदरात गुंडाळत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमी बोंबलातून मान वर नव्हतो काढत. पन पोरानं हाक मारली का ओ द्यायचो. दर हाकेला. नायतर पोर खाली पान्यालाच विचारायला जातंय."

फोन पाचव्या पायरीवर पडला होता, काच तडकलेली, पण चित्र वाचलं होतं. मी ते उघडलं नाही. उघडायची हिंमत नव्हती.

दोन दिवसांनी तलासरीच्या बसमध्ये, दुपारच्या उन्हात, परी मांडीवर झोपलेली असताना मी कानात इअरफोनची एक तार घातली आणि चित्र लावलं. पुसून टाकायच्या आधी होडी उठताना तरी दिसेल, एवढाच हेतू, देवाशपथ. बगळे, चिखल, पाण्याची कड. वाऱ्याची फडफड. आणि मग कोणीतरी लहान, अगदी जवळून, म्हणालं, "आई."

मला वाटलं धक्क्यावरचं कोणाचं तरी पोर असेल.

"आई. पानी."

बस गचके खात होती. मी तार कानात दाबून धरली. फोनमधून एक बाई बोलली, लक्ष दुसरीकडे असलेल्या आवाजात, "हं हं, थांब गं. हलू नको, होडी उठतेय." ती बाई मी होते.

"आई, पानी." यावेळी जरा मोठ्यानं. मग खूप वेळ काही नाही. मग चपलेचा एक छोटासा चपकन आवाज, आणि गुलाबी तुकडा चित्रात आला. होडी तोपर्यंत सरळ उभी होती. ती कधी उठली ते याही वेळी मला दिसलं नाही.

तिनं काम केलं होतं. सांगितलं होतं तस्सं, शब्दाला शब्द. पायाला गार लागलं आणि माझ्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं, एकदा नाही, तीनदा, आणि मी वळून बघितलं नाही. इतके महिने मी डॉक्टरांना, नितीनला, देवाला सांगत होते की ही हाकेला वळत नाही. बरं वाटत नाही का, म्हणून शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी विचारलं, "बेन, तबियत सारी नथी?" मी नुसती मान हलवली.

त्यानंतर ती पुन्हा बोलली नाही. एक दिवस, आठ दिवस, महिना. ही भीती कोणाला सांगायची? तिच्याजवळ तेवढाच एक शब्द होता आणि तो तिनं माझ्या बहिऱ्या कानांवर वाया घालवला, असं मला वाटायचं. आम्ही रोज संध्याकाळी वीस मिनिटं बसायचो, फोन भिंतीला टेकवून, ती माझ्या मांडीत. मी बोलायचे. बघ, कुंभारानं माती घेतली. बघ, गोगलगाय दमली. ती नुसतं "अं" म्हणाली तरी ओ द्यायचे. नितीन म्हणाला, तू वेडी होशील. पण परी आता घास फोनशिवाय घ्यायला लागली होती, भिंतीवर डोकं आपटत नव्हती, आणि हायवेवरून ऊस भरलेला ट्रक गेला की खिडकीकडे धावत होती. शब्द तेवढा नव्हता.

खाडीचं चित्र मी पुसलं नव्हतं, तिचा आवाज तेवढाच त्यात होता. पण एक गोष्ट मला समजत नव्हती. ती रोज बोट खाडीच्याच चित्रावर ठेवायची. कुंभार नको, गोगलगाय नको, खाडी. माझ्या सगळ्या मोजमापांत ते सगळ्यात शांत चित्र होतं, नाही कसं म्हणणार? मी लावायचे, पण आवाज पूर्ण बंद करून, आणि गुलाबी तुकडा यायच्या आत फोन पालथा घालायचे. तो पालथा घातला की परी चिडायची, माझी बोटं उचकटायची. मला वाटायचं, झालं, हिला याचीही चटक लागली.

आज सकाळी सिमेंटचा तो उतार बघून घरी आलो. बयनं कोलीमची, म्हणजे बारीक जवळ्याची चटणी आणि भाकरी वाढली. दुपारी मागच्या पडवीत आम्ही तिघी बसलो होतो, परीनं फोन आणून माझ्या मांडीवर ठेवला आणि बोट खाडीवर. मी आवाज बंद करून लावलं. बय जरा वेळ बघत राहिली.

"मुकी खाडी कसली गो दाखवतेस पोरीला? आवाज कर."

"नको बय."

"का नको?"

तिला मी सांगितलेलं नव्हतं. कोणालाच नव्हतं. महिनाअखेरीला वापीला जायचंय, तिथेही काय सांगणार होते कोण जाणे. बय माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला एकदम त्या सगळ्या लपवालपवीचा वीट आला. मी आवाज मोठा केला.

वारा फडफडला. इंजिनाची टकटक. हाक कुठे येणार ते मला पाठ होतं.

"आई," फोन म्हणाला.

"ओ," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. "ओ, बोल गं परी."

परीनं फोनवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"आई. पानी." आणि त्यावर तो माझा दळभद्री आवाज, थांब गं, हलू नको. त्याच्यावर आवाज चढवून मी म्हटलं, "ओ. पाणी आलं काय? बरं झालं सांगितलंस. आले, आले मी." बयनं पदर तोंडाला लावला. ती समजली होती. तिसऱ्या हाकेलाही मी ओ दिली. परी माझ्या तोंडाकडे बघत होती, हाकेकडून माझ्याकडे, पुन्हा माझ्याकडून फोनकडे. आता फोन पालथा घालायची वेळ झाली होती. माझा हात पुढे गेला, पण परीनं माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि मी थांबले.

कोपऱ्यात गुलाबी तुकडा आला. गोल फिरला. होडीकडे निघाला.

"आई," परी म्हणाली. फोन नाही, परी. माझ्या डोळ्यांत बघून, फार मोठी तक्रार असल्यासारखी. "चप्पल."

दीड महिना ती रोज मला एवढंच दाखवायला बघत होती, आणि मी रोज त्याच्या आधी फोन पालथा घालत होते.

"ओ," मी म्हटलं. "गेली गं बाय, चप्पल गेली. मी बघितलं नाही म्हणून गेली."